रात्रपाळीनंतरची झोप

आमच्या घरात दरवर्षी दोन कालनिर्णय लागतात. एक स्वयंपाकाच्या ओट्याजवळ. त्यावर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, उपासतापास. दुसरं पलंगाशेजारच्या भिंतीवर, आणि त्यावर माझ्या झोपेत चालण्याचा हिशोब. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दोन हातांची अक्षरं आहेत, खाली माझं आणि वर बायकोचं. मी झोपण्याआधी लिहितो: पाळी कुठली, आदल्या झोपेला किती तास मिळाले, जेवण कधी झालं, ताप-खोकला आहे का, घरात काही बोलाचाली झाली का. ती उठल्यावर लिहिते: उठले का, किती वाजता, कुठवर गेले, काही बोलले का. काहीच झालं नसेल तर आडवी रेघ मारते.

त्या आडव्या रेघांवर माझा फार जीव आहे. आमच्या आत्याची पक्की समजूत होती की हा अवसेला उठतो. तिला तशा दोन-तीन रात्री नीट आठवत होत्या. ज्या अवसांना मी गाढ झोपलो, त्या मात्र कुणालाच आठवत नव्हत्या, कारण त्या रात्री आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. न घडलेलं लिहून ठेवलं नाही तर घडलेल्याचं कारण हाती लागत नाही. कालनिर्णयाचा इथे मोठा उपयोग झाला, कारण तिथी त्यावर छापलेलीच असते. वर्षभराच्या रेघा आणि टिपणं समोर ठेवून पाहिली, तेव्हा अवस-पुनवेशी माझ्या चालण्याचा काही मेळ बसेना. मी ते कालनिर्णय आत्यासमोर धरलं. ती पानं उलटत बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर तिने अवसेचा विषय पुन्हा काढला नाही.

माझा मजकूर झोपण्याआधीच लिहिला जावा, असा नियम मी केला त्यालाही कारण आहे. सकाळी कळलं की आपण रात्री जिन्यापर्यंत जाऊन आलो, तर मन लगेच आदल्या दिवसात शिरून कारण शोधायला लागतं. शेठ ओरडला होता, भजी खाल्ली होती, गावाकडून वाईट बातमी आली होती. शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच. रात्रीच लिहून टाकलं म्हणजे सकाळच्या शहाणपणाला हात घालायला जागा उरत नाही.

आम्ही सुरतेच्या लिंबायतमध्ये राहतो. लिंबायतबाहेरच्या वाचकाला इथलं राहणं थोडं सांगायला हवं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरली आणि लूम, मिल, कापड मार्केट, एम्ब्रॉयडरी यांत पोट भरू लागली. त्यांतली कितीतरी घरं लिंबायत, गोडादरा, डिंडोली या पट्ट्यात वसली. गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती आणि खात्यात हिंदी ऐकू येते. ओडिशाच्या गंजामकडचे कारागीर शेजारी असतात, त्यांची उडियाही कानांवर पडते. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा किंवा एम्ब्रॉयडरीचा कारखाना. तिथे बारा बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि ठरावीक दिवसांनी दिवसाचा माणूस रातपाळीला, रातपाळीचा दिवसाला, अशी अदलाबदल होते. सकाळी एक लोंढा खात्यातून बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो. घरं एकावर एक चढलेली. बाहेरून अंगाला लावलेला लोखंडी जिना आणि वर गच्ची, पुष्कळ ठिकाणी कठड्याविना. झोपेत चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा जिना आणि ही गच्ची सोडली तर बाकी लिंबायत फार सुरक्षित जागा आहे, कारण कुठल्याही वेळी कुणीतरी जागं असतं. मला दोन-तीनदा गल्लीच्या तोंडाशी धरून परत आणणारा माणूस रातपाळीवरून चहाला बाहेर आलेला उडिया शेजारी होता. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला वेळ सांगितली आणि तिने ती चौकोनात लिहिली. माझ्या नोंदीत अशी गल्लीतल्या पुष्कळांची वेळ आणि साक्ष आहे. मला स्वतःला त्यातलं जवळपास काहीच आठवत नाही. कधी पायाला लागलेला लोखंडाचा गारवा तेवढा आठवतो, किंवा काहीतरी पोहोचवायचं राहिलंय अशी घाई.

वडीलही झोपेत चालत. ते अमळनेर तालुक्यातल्या गावी वाढले, धाब्याच्या घरात. उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर झोपायला जायचं. आजी रात्री त्यांच्या पायात बैलाच्या माळेतलं एक घुंगरू बांधायची आणि लुगड्याचा पदर त्यांच्या मनगटाला. घुंगरू वाजलं की ती पडल्या पडल्याच म्हणायची, ‘कोठे चालना रे भाऊ?’ आणि पदर ओढून घ्यायची. हे माझ्यात वडिलांकडून आलं, यात मला शंका नाही. कॅनडात क्युबेकमधल्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून २०१५ मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात आईवडिलांपैकी कुणीच झोपेत चालत नसेल तर २२.५ टक्के मुलं कधी ना कधी चाललेली आढळली. दोघांपैकी एक चालत असेल तर ४७.४ टक्के आणि दोघंही चालत असतील तर ६१.५ टक्के. लहानपणी हे इतकं सर्रास असतं. बहुतेकांचं मोठेपणी सुटतं, माझं सुटलं नाही.

पण वारशाने एवढंच सांगितलं की मी चालू शकतो. अमक्या रात्री चाललो आणि तमक्या रात्री नाही, हे का, याचं उत्तर वारशात नव्हतं आणि मला तेच हवं होतं. लग्न जुळताना हे सांगायचं की लपवायचं यावर आमच्या घरात खूप खल झाला होता. आईने सांगितलं. पुढच्यांनी विचारलं, याच्या मनात काही आहे का? कुणी विचारलं, काही बाहेरचं आहे का? काळा दोरा आला, लिंबू उतरवून झालं. लोकांच्या प्रश्नात दुष्टपणा नव्हता. झोपेत उठणाऱ्या माणसाच्या मनावर काहीतरी ओझं असणार, ही समजूत फार जुनी आहे आणि मोठमोठ्या लेखकांनी ती पक्की केली आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राणी खुनाचं पाप हातांवरून धुवायला झोपेत उठते, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ लिहून ते नाटक मराठीत आणलं. त्या प्रवेशात मला नेहमी राणीपेक्षा तिच्यावर रात्री जागून लक्ष ठेवणारी दासी आणि तिचं बोलणं टिपून ठेवणारा वैद्य जवळचे वाटतात. त्यांचं काम आमच्या घरात बायको करते. पाप मात्र माझ्या कालनिर्णयात कुठे सापडलं नाही.

या समजुतीला विज्ञानाने उत्तर देऊन बराच काळ लोटला आहे. अमेरिकेत जेकबसन, केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये झोपेत चालणाऱ्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी रात्रभर नोंदवल्या, तेव्हा चालणं स्वप्नांच्या झोपेतून सुरू होत नाही, सगळ्यांत गाढ, संथ लहरींच्या झोपेतून होतं, असं दिसलं. ती झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. १९६८ मध्ये रॉजर ब्रॉटन यांनी मांडलं की हा अर्धवट जाग येण्याचा विकार आहे. २००० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेट्टी यांच्या गटाने एका सोळा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं चित्र तो झोपेत उठलेला असतानाच मिळवलं. मेंदूचा काही भाग जाग्या माणसासारखा काम करत होता, आणि विचार करून निर्णय घेणारा पुढचा भाग झोपलेलाच होता. हे वाचून मला फार मोकळं वाटलं. बायकोच्या नोंदीतही वेळ झोपल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांचीच असायची. पहाटेची एकही नव्हती.

मग चौकोन जुळायला लागले. पहिला मेळ बसला तो पाळी बदलण्याशी. रातपाळी सुरू असताना दिवसा मी तुटकतुटक झोपायचो. खाली भांडीवाला, वर पत्र्यावर ऊन, शेजारी टीव्ही, आणि एका खोलीत आई साड्यांना लेस लावत बसलेली. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला चार-पाच तासांची झोप मिळाली तरी पुष्कळ. आठवडाभर हे देणं साचायचं. मग पाळी बदलायची आणि दिवसभर काम करून मी पहिल्यांदा रात्री पाठ टेकायचो. शरीर त्या रात्री बुडी मारल्यासारखं खोल जायचं आणि तिथूनच मी उठायचो. दिवसपाळी चार दिवस चालली की आडव्या रेघा सुरू. पुन्हा पाळी बदलली की पुन्हा टिपण. काही महिन्यांनी बायको त्या रात्री न सांगता दाराला आतून कुलूप घालू लागली. किल्ली तिच्या उशीखाली.

दुसरा मेळ दाखवला कानबाईने. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरात कानबाई देवी बसते. सुरतेत आलो तरी कुणी तिला सोडलेलं नाही. रोटांचा स्वयंपाक, भाऊबंद, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. त्या दिवसांत मला खात्यात सुटी असायची आणि मन अगदी आनंदात. मनावरच्या ओझ्याने मी चालत असेन, तर वर्षातली ही रात्र सगळ्यांत शांत जायला हवी. पण सोमवारी रात्री, जागरणानंतरच्या पहिल्याच झोपेत, मी उठलो. पुढच्या वर्षीही उठलो. नवरात्रात गरब्यानंतर उशिरा येणं चार रात्री लागोपाठ झालं की तेच. मिठी खाडीचं पाणी गल्लीत शिरलं, सामान माळ्यावर चढवत दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, त्यानंतरही तेच. एक रात्र आनंदाची, एक संकटाची, आणि शरीराने दोन्ही सारख्याच मोजल्या. उलट पैशांची ओढाताण, वडिलांचं आजारपण, घरातली भांडणं यांच्यासमोर बायकोची आडवी रेघच जास्त वेळा होती. काळजीने झोप उडाली तरच काळजीचा परिणाम दिसायचा.

मॉन्ट्रियलमध्ये अँटोनियो झाड्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं आहे. झोपेत चालणाऱ्या ३० जणांना त्यांनी आधी एक साधी रात्र तिथे झोपवलं. नंतर २५ तास जागं ठेवून पुन्हा झोपवलं. पहिल्या झोपेत सगळ्यांचे मिळून ३२ प्रसंग नोंदले गेले होते, जागरणानंतरच्या झोपेत ९२. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो माझ्या हाती आला तेव्हा मी मागची कालनिर्णयं काढून बसलो होतो, आणि आपल्या गल्लीतली गोष्ट कुणीतरी दूर बर्फाच्या शहरात मोजून ठेवली आहे याचं अपार समाधान वाटलं.

तिसरी गोष्ट ध्यानात यायला वेळ लागला, कारण ती आवाजाची होती आणि लिंबायतमध्ये आवाज नसतो कधी? आमच्या खालच्या मजल्यावर एम्ब्रॉयडरीची मशिनं चालतात. त्यांच्या धडधडीत आम्ही झोपतो, लेकरंही झोपतात. बायकोच्या टिपणांत मात्र काही वेळा शेजारी ‘लाइट गेली’ असं लिहिलेलं सापडलं. मशीन चालू असताना मी उठत नव्हतो. ते एकाएकी थांबलं की उठायचो. तेही सगळ्या रात्री नव्हे. झोप पुरी झालेली असेल तर लाइट गेली-आली तरी रेघच. साचलेली झोप आणि हा धक्का एकत्र आले तरच. मॉन्ट्रियलच्याच गटाने गाढ झोपेत आवाज ऐकवून पाहिले तेव्हा जागरणानंतर त्या आवाजांनी उठण्याचं प्रमाण खूप वाढलं होतं, आणि ज्यांना ही प्रवृत्तीच नव्हती त्यांच्यातलं कुणी तसं उठलं नाही. वारसा, झोपेचं देणं आणि ऐनवेळचा धक्का: लागलेली लघवी, लेकराचं रडणं, ताप, घोरताना कोंडलेला श्वास, यांतला कुठलाही. डॉक्टर मंडळी साधारण याच तीन पायऱ्यांनी ते समजावतात. यातला वारसा माझ्या हातात नाही. धक्के थोडे टाळता येतात. मधली पायरी मात्र खात्याच्या हजेरीपुस्तकात लिहिली जाते.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण रातपाळीवाले दिवसा झोप लागत नाही म्हणून त्या विचारतात. झोल्पिडेमसारख्या गोळ्या घेतल्यावर माणसं झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं अशी कामं करून जखमी झाल्याचे प्रकार घडले, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यांच्या माहितीपत्रकात सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. ज्याला ही सवय आहे त्याने त्या वाटेला डॉक्टरांना न विचारता जाऊ नये.

माझं चालणं आता खूप कमी झालं आहे. मी खातं सोडलं आणि कापड मार्केटमध्ये दिवसाचं काम धरलं. पगार कमी झाला. त्या वर्षीचं कालनिर्णय आडव्या रेघांनी भरलेलं आहे, मधे कानबाई आणि दोन-चार लग्नं तेवढी वेगळी दिसतात. पण खातं सोडणं हा उपाय मी कुणाला सांगू शकत नाही. माझ्या गल्लीतल्या अर्ध्या चुली पाळीवर पेटतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. करोनाच्या टाळेबंदीत गुजरात सरकारने दिवसाला बारा तासांची मुभा देणारी अधिसूचना काढली, ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. २०२५ मध्ये राज्याने कायद्यातच बदल करून, आठवड्याचे ४८ तास कायम ठेवत, दिवसाची मर्यादा बारा तासांवर नेली. लहान खात्यांतल्या किती माणसांपर्यंत आठवड्याची ती मर्यादा पोहोचते, हे लिंबायतमध्ये सकाळी कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहिलं की कळतं.

गेल्या वर्षापासून भिंतीवरच्या चौकोनात तिसरी ओळ आली आहे, मुलीची. ती एका रात्री उठून दाराजवळ वही शोधत उभी होती. बायकोने तिला हलवलं नाही, हाक मारून दचकवलं नाही. खांद्याला हात लावून अंथरुणाकडे वळवलं आणि ‘झोप गं बाई’ एवढंच म्हणाली. सकाळी मुलीला काही आठवत नव्हतं. आम्ही तिला सगळं सांगितलं, आणि पणजीच्या घुंगराचीही गोष्ट सांगितली. तिला भीती वाटली नाही. आता ती स्वतःच विचारते, काल माझी रेघ की टिपण? तिच्या टिपणांच्या आसपास परीक्षा नसतात. उशिरापर्यंत चाललेली हळद असते, गावाहून रात्रीच्या गाडीने परत येणं असतं, ताप असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला लवकर निजवतो, जिन्याचं दार लावून घेतो आणि बाकी काही करत नाही. लहानपणी एवढं पुरतं. मोठेपणी नव्याने सुरू झालं, इजा होऊ लागली किंवा माणूस जोरात घोरत श्वास कोंडून उठू लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. लिंबायतच्या माणसाला उमरवाड्याचं स्मीमेर रुग्णालय जवळ आहे. जाताना तारखांची नोंद बरोबर न्यावी, म्हणजे तिथे आठवून सांगत बसावं लागत नाही.

खातेवाल्या शेठ मंडळींना माझी एक विनंती आहे, आणि ती मी माझ्या कालनिर्णयांच्या भरवशावर करतो आहे. रातपाळीवरून माणसाला दिवसपाळीवर आणताना मधे एक अख्खा दिवस आणि एक रात्र त्याला पगारी सुटी द्या. त्याला घरी झोपू द्या. मशीन एक दिवस दुसऱ्याच्या हाती राहिलं तरी कापड निघतं, आणि कठडा नसलेल्या गच्चीकडे जाणारा लोखंडी जिना त्याच्या दारापासून दोन पावलांवर आहे.